खोली नंबर नऊचा निरोगी माणूस

निरोगी माणसाचा फॉर्म अकरा मिनिटांत संपतो आणि आजारी माणसाचा पन्नास मिनिटं चालतो. वैद्यकीय संशोधनातलं एवढं मोठं सत्य, पण ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. 'तुम्हाला रक्तदाब आहे का?' याला माणूस 'नाही' म्हणाला, की टॅब्लेट बावीस प्रश्न ओलांडून सरळ पुढे जातो. 'हो' म्हणाला, की कधीपासून, कुठली गोळी, चुकते का, का चुकते... आणि तेवढ्यात त्याची बायको आतून येऊन त्याच्या वतीने दुसरीच उत्तरं द्यायला लागते.

यज्ञेशला हे पहिल्या पंधरा दिवसांत कळलं. तो बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेला, सव्वीस वर्षांचा, बदलापूर पश्चिमेला आईबरोबर राहणारा मुलगा. स्कूटरवर पायाशी पाच-पाच लिटरचे पांढरे डबे ठेवून तो गावभर लोकांची चोवीस तासांची लघवी गोळा करत फिरायचा. "एवढं शिकवलं ते यासाठी?" असं आई रोज विचारायची. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते जेवताना देण्यासारखं नव्हतं.

प्रोजेक्ट मोठा होता. रक्तदाब, मूत्रपिंड आणि चयापचय यांचं एकमेकांत काय चाललेलं असतं, ते शोधायचं. सहाशे माणसं, दोन वर्षं. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जायचं, रक्त घ्यायचं, रक्तदाब मोजायचा, डबा उचलायचा. ऑफिस अंबरनाथ पूर्वेला, एका शिवणक्लासच्या वर. खाली दहा मशिनी एकदम सुरू झाल्या की वरच्या टेबलावरचे पेन चालायला लागायचे.

प्रमुख होते श्यामकांत सर. गोरे, मऊ आवाजाचे, कधीही न चिडणारे. यज्ञेशला त्यांच्यातलं हेच सगळ्यात जास्त झोंबायचं. सरांचा एक नियम होता: अभ्यास संपेपर्यंत कुणालाही त्याचा रिपोर्ट सांगायचा नाही. सांगितलं की लोक घाबरतात, डॉक्टरकडे पळतात, गोळ्या खातात आणि आजाराचा नैसर्गिक क्रम बिघडतो. कुणी विचारलंच, तर म्हणायचं, "सगळं व्यवस्थित आहे."

यज्ञेश ते इतक्या वेळा म्हणाला होता, की हल्ली रिक्षावाल्यालाही म्हणायचा.

पण आकडे त्याच्या टॅब्लेटवर यायचे. लाल रंगात यायचे. कुळगावच्या विठाआजीचं क्रिएटिनिन तीन पॉइंट दोन होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात, म्हणून तो एकच्या आसपास असावा. तीनच्या पुढे गेला म्हणजे मूत्रपिंडांनी अर्ध्याहून जास्त दुकान बंद केलेलं असतं. विठाआजी दर वेळी त्याला ओट्यावर बसवायची आणि विचारायची, "काय निघालं रे माझं?"

"सगळं व्यवस्थित आहे, आजी."

असे तेवीस जण होते. प्रत्येक घरातून निघताना यज्ञेश स्कूटरला अशी किक मारायचा, की जणू त्या स्कूटरनेच काहीतरी केलंय.

बुधाजीचा जन्म मात्र रागातून झाला नाही, आळसातून झाला. पन्नाशीतले पुरुष कमी पडत होते. कुळगावात पन्नाशीतला पुरुष दिवसा दिसत नाही. तो पहाटे कामाला जातो आणि रात्री उगवतो. रविवारी त्याला रक्त मागितलं, तर तो तुमचंच काढेल. महिनाअखेर आली आणि एक पुरुष कमी होता. यज्ञेशने चहाच्या टपरीवर बसून तो मनानेच रचून भरला.

बुधाजी, वय चोपन्न. रक्तदाब नाही, साखर नाही. तंबाखू नाही, दारू नाही. वरून मीठ घेत नाही, लोणच्याला हात लावत नाही, रोज पाऊण तास चालतो. असा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही हे यज्ञेशला माहीत होतं. टॅब्लेटला माहीत नव्हतं. नऊ मिनिटांत फॉर्म संपला. सहभागी क्रमांक चारशे सतरा. पत्ता: खोली नंबर नऊ, दौलतरावांची चाळ, कुळगाव. चाळ खरी होती. खोल्या आठ होत्या आणि आठवीनंतर सार्वजनिक नळ होता. कुणी तपासायला आलंच, तर निदान चाळ तरी सापडावी, एवढी लाज त्याने ठेवली होती.

रक्त आणि लघवी मात्र टपरीवर बसून बनवता येत नाही. ती त्याने स्वतःची दिली. रक्त काढायची राजसी. ती त्याच्याबरोबर घरोघर फिरायची आणि तिला शीर पहिल्या फटक्यात सापडायची.

"हात दे, बुधाजी."

"काका म्हण. चोपन्नचा आहे मी."

"काका, मूठ आवळा. आणि पुढच्या वेळी माझ्यासाठी एक पन्नाशीतली बाई बनवा, मलाही एक कमी पडतेय."

पहिल्या दोन फेऱ्या बुधाजी ठणठणीत होता. तिसऱ्या फेरीत चारशे सतरा लाल झाला. क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ.

रक्त यज्ञेशचं होतं. त्याच संध्याकाळी तो उल्हासनगरात एका खाजगी लॅबमध्ये गेला आणि स्वतःच्या नावाने तपासून घेतलं. पॉइंट नऊ. लॅबवाल्या सिंधी काकांनी रिपोर्ट त्याच्या हातात ठेवला. "एकदम फस्क्लास, बेटा. शादी कर लो."

लॅबची चूक, असं त्याने ठरवलं. पुढच्या फेरीत तीन पॉइंट एक आला. त्याच्या पुढच्या फेरीत चार पॉइंट सहा. आणि यज्ञेशला राग आला तो लॅबचा नाही, स्वतःचा नाही, तर बुधाजीचा.

"मीठ नाही, तंबाखू नाही, रोज चालतोस! मग झालंय काय तुला?" तो टॅब्लेटवर ओरडला.

"कुणावर ओरडतोयस?" राजसीने विचारलं.

"बुधाजीवर."

"बुधाजी तू आहेस."

"म्हणून काय झालं? लिहून दिलंय ना त्याला!"

राजसीने मग नीट प्रयोग केला. एकच सुई, एकच शीर, तीन नळ्या. एकीवर चारशे सतराचा बारकोड. दुसरीवर त्यासाठीच बनवलेल्या आणखी एका न जन्मलेल्या माणसाचा. तिसरीवर काहीच नाही, ती उल्हासनगरला. दूरच्या लॅबला नावं माहीत नसायची, फक्त बारकोड. रिपोर्ट आले. पॉइंट नऊ. पॉइंट नऊ. आणि चारशे सतरा: पाच पॉइंट आठ.

रक्तदाबाचं मशीन टॅब्लेटला जोडलेलं असे. आधी क्रमांक टाकायचा, मग बटण दाबायचं. दुपारी ऑफिसात दोघंच होती. यज्ञेशच्या दंडावर पट्टा बांधला, त्या न जन्मलेल्या माणसाचा क्रमांक टाकला. ११८/७६. चारशे सतरा टाकला. १८२/११४. परत तोच पहिला क्रमांक. ११८/७६.

"पट्टा मला दे," राजसी म्हणाली. तिने स्वतःच्या दंडावर बांधला आणि चारशे सतरा टाकला.

१८२/११४.

तिने पट्टा काढला. दंड चोळला. मग खाली वाकली आणि पट्टा टेबलाच्या पायाला गुंडाळला. एरवी मशीन अशा वेळी चूक दाखवून थांबतं. या वेळी पट्टा फुगला, हळूहळू सैल झाला, टुक टुक टुक असे ठोके ऐकू आले.

१८४/११६.

"टेबलाला बीपी आहे," यज्ञेश म्हणाला. कुणी हसलं नाही. खाली शिवणक्लासही बंद होता.

दुसऱ्या दिवशी तो श्यामकांत सरांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. बुधाजी नाही. मी बनवला. काढून टाका.

सरांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर बुधाजीच्या मूत्रपिंडांच्या कामाची एक रेघ होती, जिना उतरावा तशी पायरी-पायरीने खाली जाणारी. "हे बघ. सहाशे माणसांत इतका स्वच्छ ऱ्हास कुणाचा नाही. हे आपल्या पेपरातलं पहिलं चित्र."

"सर, हा माणूसच नाहीये!"

"डेटा आहे ना?"

"मग त्याला सांगा तरी!"

"कुणाला?"

यज्ञेशने पडद्यावरच्या रेघेकडे बोट केलं.

"तू आत्ताच म्हणालास की तो नाही," सर म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आणि जे आहेत त्यांचं काय? तेवीस जण आहेत. विठाआजी लाकूड फोडते अजून, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून रोज दोन गोळ्या आणून खाते. त्या गोळ्यांनीच उरलंसुरलं जाईल तिचं. एक वाक्य सांगायचंय सर, एक वाक्य!"

"विठाबाई गोळ्या थांबवतील, दुसऱ्या सुरू करतील. मग आपण मोजतोय काय?" आवाज तसाच मऊ. "आणि हे बघ, बनावट सहभागी घालणं हा गुन्हा आहे. तू कुठे बोललास, तर आधी तू जाशील. बस. बिस्कीट घे."

यज्ञेशने बिस्कीट घेतलं. याचा राग त्याला नंतर बाकी सगळ्यापेक्षा जास्त आला.

तिथून तो स्कूटर काढून थेट कुळगावला गेला. कशाला, ते त्याला सांगता आलं नसतं. ऑक्टोबरचं ऊन होतं, दुपारचा एक. दौलतरावांच्या चाळीत पापड वाळत घातले होते. त्याने दारं मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचवीत टीव्ही चालू होता. सहावीला कुलूप. सातवी. आठवीच्या दारात एक कुत्रं झोपलं होतं.

मग नववी.

दाराला निळा रंग होता आणि तो बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेला होता. नळ नवव्या खोलीच्या पुढे होता. एक बाई तिथे हंडा भरत होती आणि तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

त्याने कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. पन्नाशीची बारकी बाई, पदर खोचलेला.

"आलात," ती म्हणाली. "आत या. उनाचं नका उभं राहू."

"तुम्ही..."

"गयाबाई. इतक्या वेळा येऊन बसलात, चाय प्यालात, अजून नाव लक्षात नाय?"

आत एक कॉट होती, तिच्यापुढे साडीचा पडदा. वास होता. डब्यांचा वास यज्ञेशला चांगला माहीत होता. हा तो नव्हता. हा माणसाच्या श्वासाला येतो, रक्तातला कचरा कुठूनच बाहेर पडत नाही तेव्हा. हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. पडद्याखालून दोन पावलं दिसत होती. सुजलेली, ताणून चकचकीत झालेली.

"डबे भरून नेलेत," गयाबाई म्हणाली. ती उभीच होती. "रगत नेलंत. मी दर टायमाला विचारलं, काय निघालं? तुमी काय बोल्लात?"

यज्ञेशने पडद्याखालच्या पावलांवरून नजर काढली.

"काय बोल्लात?"

"सगळं व्यवस्थित आहे."

"हा माणूस दीड वरीस लोणच्याला शिवला नाय. आळणी खाल्लं. पाय ओढत चालाय जायचा रोज पाऊण तास. मी म्हणायची, अवो बसा. तर म्हणायचा, नाय, तसं लिवलंय. तुमी लिवलं आणि यांनी केलं! आणि तुमाला आतलं ठावं होतं. पहिल्यापासून ठावं होतं. तोंडात काय होतं तुमच्या, दगड?"

"मावशी, मला वाटलं..." पुढचं वाक्य होतं, 'मला वाटलं तुम्ही नाही आहात.' ते कुठल्याही माणसासमोर बोलता येण्यासारखं नव्हतं.

"कोण हाय?" पडद्यामागून आवाज आला. बारीक, कोरडा.

"तेच. डबेवाले."

कॉट करकरली.

"विचार त्यांना," आवाज म्हणाला. "असं आणखी कितीजणांचं हाय?"

गयाबाईने यज्ञेशकडे बघितलं.

"तेवीस," तो म्हणाला.

"त्यांना सांगितलं?" पडद्यामागून आलं.

"उद्या सांगतो."

पडद्याखालची पावलं हलली. एक खाली आलं आणि जमिनीवर चप्पल चाचपायला लागलं.

"तुमी जावा आता," गयाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "जावा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी यज्ञेशने स्वतःला समजावलं, की रिपोर्ट नुसते तोंडी सांगण्यापेक्षा छापून द्यावेत, नीट मराठीत. चौथ्या दिवशी झेरॉक्सवाल्याचं मशीन बिघडलं. मशीन खरंच बिघडलं होतं, पण बदलापुरात झेरॉक्सची दुकानं डझनभर आहेत आणि हे त्याला माहीत होतं. पाचव्या दिवशी सकाळी राजसीचा फोन आला.

"चारशे सतराचा शेवटचा रिपोर्ट आलाय. नऊ पॉइंट सहा."

"आपण रक्त कुठे पाठवलं होतं?"

"नाही ना पाठवलं," राजसी म्हणाली. "यज्ञेश, त्या तेवीस जणांना देणार होतास ते कागद दिलेस का तू?"

त्याने अर्ध्या तासात तेवीस कागद छापले, पिशवीत भरले आणि निघाला. नोकरी गेली तर जाऊ दे. सर गेले उडत. हे त्याने स्कूटरवर मोठ्याने म्हटलं. एका म्हशीने मान वळवून बघितलं.

पहिलं घर विठाआजीचं. ती ओट्यावर बसली होती. आज लाकडं फोडत नव्हती. मांडीवर एक कागद होता, चार घड्या घातलेला.

"आजी," तो म्हणाला, "तुमचा रिपोर्ट आणलाय. मला आधीच सांगायला हवं होतं..."

"दिला की सकाळी," विठाआजी म्हणाली.

"कुणी?"

"आला एक माणूस. पाय हे असे सुजलेले बिचाऱ्याचे, चपलेत मावत नव्हते. घरोघर देत चाललाय. चार दिवस झाले म्हणाला फिरतोय, दमतो म्हणून वेळ लागतो. सगळं नीट सांगितलंन. गुडघ्याच्या गोळ्या बंद. मोठ्या दवाखान्यात जा. मीठ कमी." तिने कागद उघडला नाही, नुसता हाताखाली दाबला. "दीड वर्ष, बाळा. दीड वर्ष ह्या ओट्यावर बसून तू माझ्या हातचा चहा प्यालास."

यज्ञेशने गल्लीत बघितलं. समोरच्या दारात सुतार बसला होता, हातात कागद. त्याच्या पलीकडे शाळेतल्या शिपायाची बायको, हातात कागद. पुढच्या वळणापर्यंत दारादारांत माणसं बसलेली होती. कुणी ओरडत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"मी विचारलं त्याला," विठाआजी म्हणाली, "पाण्याचं काय? मला तहान फार लागते. तर म्हणाला, तुम्ही प्या हवं तेवढं. पाणी मोजून प्यायचं ते ज्यांचं सगळं संपत आलंय त्यांनी. त्याच्या पिशवीत अजून एक कागद होता. मी म्हटलं, तो कुणाचा? तर दाखवला."

"कुणाचा होता?"

विठाआजीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली त्याच्या बुटांकडे. तिचा राग कुठेतरी गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं, ते यज्ञेशला अजिबात आवडलं नाही.

"उन्हातून आलास," ती म्हणाली. "बस."

ती उठून आत गेली. तांब्या आणि पेला घेऊन आली. पेला काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे धरला. मग हात मागे घेतला, आणि त्यातलं अर्धं पाणी सावकाश, एकही थेंब न सांडता, परत तांब्यात ओतलं.